बाबांच्या पायाखालची वाट: ठाणे ते वाशी, एका दिवसाची सफर कशी आखावी

गेल्या डिसेंबरात आम्ही बाबांना त्यांच्या जुन्या जागा दाखवायला घेऊन निघालो. वय ऐंशीच्या उंबरठ्यावर, गुडघे कुरकुरतात, पण डोकं लख्ख. भावाने मोबाईलच्या नकाशावर सहा खुणा करून ठेवल्या होत्या. पहिली ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतली, जिथे बाबा टर्नर म्हणून, म्हणजे लेथ मशीनवर, लागले ती शेड. तिथे आता काचेची सहा मजली इमारत आहे. बाबांनी गाडीतूनच पाहिलं आणि म्हणाले, "बरं. चला पुढं." दुसऱ्या खुणेवरही तेच. तिसरीकडे जाताना मुख्य रस्त्यावर गाड्या अडकल्या, म्हणून भावाने आतल्या गल्लीत गाडी वळवली. बाबा एकदम सरळ होऊन बसले. "हा चढ बघ. पहिली पाळी असली की इथं धाप लागायची. आणि या वळणावर एक मावशी उसळ-पाव घेऊन बसायच्या." मग तीन हात नाका येईपर्यंत ते थांबले नाहीत.

त्या दिवशी मला कळलं ते असं. ठाण्यात आणि नवी मुंबईत इमारती टिकत नाहीत, पण वाटा बऱ्याच टिकल्या आहेत. चढ तोच, वळण तेच, नाक्याचं नावही बहुतेक वेळा तेच. म्हणून आईवडिलांना जागा दाखवायला नेऊ नका, ते ज्या वाटेने चालायचे त्या वाटेने न्या. आम्ही नंतर आणखी दोन फेऱ्या केल्या. त्यातून जे हाती लागलं ते पहिल्यांदाच असं काही करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते आहे.

आधी ट्रंक उघडा

सुरुवात कागदांपासून करा, कारण "तुम्ही नेमके कुठे राहायचात?" या प्रश्नाला "चरईत, तळ्याच्या मागं" यापलीकडे उत्तर मिळत नाही. जुनं रेशनकार्ड, कंपनीचं ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीची पावती, शाळा सोडल्याचा दाखला, एसटीचा किंवा रेल्वेचा पास, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाचं घराचं वाटपपत्र, सगळं बाहेर काढा. सर्वात उपयोगी ठरते ती लग्नपत्रिका. तिच्यावर वराकडचा पत्ता पूर्ण असतो, चाळीच्या मालकाच्या नावासकट. आमच्याकडे पत्रिका नव्हती, पण आजोबांनी गावाहून पाठवलेली पोस्टकार्डं होती. त्यावर 'द्वारा' म्हणून एका किराणा दुकानदाराचं नाव होतं. म्हणजे बाबांची पत्रं खोलीवर यायचीच नाहीत, दुकानात यायची. हे मला तोवर माहीत नव्हतं. शेवटी शोध लागला तो त्या दुकानाचाच.

फोटोंच्या मागची बाजू पाहायला विसरू नका. स्टुडिओचा शिक्का असला तर वस्ती कळते.

प्रश्न वाटेबद्दल विचारा

हा टप्पा घाईत उरकू नका. दोन-तीन संध्याकाळी द्या, चहाच्या वेळी, दूरदर्शन संच बंद ठेवून. "कंपनी कुठे होती?" याऐवजी "सकाळी खोलीतून बाहेर पडलात की आधी काय लागायचं?" असं विचारा. मग "त्यानंतर?", "रस्ता कुठे ओलांडायचात?", "पाऊस असला तर?", "पगाराच्या दिवशी येताना कुठे थांबायचात?". जागेचं नाव आठवत नसलं तरी पाय काय करायचे ते आठवतं. बाबांनी चरईपासून वागळे इस्टेटपर्यंतची वाट अशी सांगितली: हरिनिवास, तीन हात नाका, मग आत. बसचे पैसे वाचवायला ते चालत जायचे, पाऊण तास.

कोरा कागद आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्या आणि नकाशा त्यांनाच काढू द्या. अंतरं चुकतील, दिशा उलट्या येतील. दुरुस्त करू नका. कागदावर जे मोठं काढलं जातं ते त्यांच्यासाठी मोठं होतं. बाबांनी कंपनीचं गेट टिचभर काढलं आणि समोरची चहाची टपरी पानभर.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. लपवून केलेलं त्यांना नंतर कळलं की ते बोलायचे थांबतात.

आईची वाट वेगळी असते

यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे. अशा सफरी बहुतेक वेळा वडिलांच्या नोकरीभोवती आखल्या जातात. आई सोबत असते, डबा तिने भरलेला असतो, पण तिच्या जागा यादीत नसतात. आईला मी वेगळं, एकटीला बसवून विचारलं. तिच्या ठाण्यात वागळे इस्टेट नव्हतंच. होता तो चाळीचा नळ, पहाटे साडेचारची रांग, जांभळी नाक्याचा बाजार, रॉकेलचं दुकान आणि चरईतलं ते प्रसूतिगृह जिथे माझा भाऊ झाला. कळा सुरू झाल्या तेव्हा बाबा रात्रपाळीला होते. शेजारच्या काकू तिला हाताला धरून चालत घेऊन गेल्या. "किती लांब होतं गं?" मी विचारलं. "चार दिवे," ती म्हणाली. रस्त्यावरचे दिवे मोजत गेली होती ती.

त्या प्रसूतिगृहाच्या जागी आता साड्यांचं दुकान आहे. आम्ही चाळीच्या जागेपासून तिथवर आईसोबत चाललो, मी, माझी मुलगी आणि आई. खांब आता वेगळे आहेत. आईने तरीही मोजले.

तेव्हा दोघांनाही वेगवेगळं विचारा, दोन याद्या करा आणि दोन्हीला सारखा वेळ द्या.

एकट्याने एकदा पाहून या

सफरीच्या आधी आठवडाभर घरातल्या कुणीतरी एकट्याने ती वाट पालथी घालून यावी. कुठे खोदकाम चालू आहे, बसायला जागा कुठे, स्वच्छ स्वच्छतागृह कुठे, गाडी कुठे उभी करता येते, हे त्या दिवशी शोधत बसलात तर म्हातारी माणसं संकोचाने पाणीच पीत नाहीत. एखाद्या संकुलात शिरायचं असेल तर सोसायटीच्या सचिवांना आधी भेटून ठेवा. आम्ही एका ठिकाणी हे केलं नव्हतं. फाटकावरच्या रखवालदाराने बाबांना पंधरा मिनिटं उन्हात उभं ठेवलं आणि परत पाठवलं. नंतर सचिवांना पत्र लिहून वेळ मागितली, तेव्हा त्यांनी गच्चीपर्यंत नेलं.

चौकशी नव्या दुकानात करू नका. न्हावी, शिंपी, पिठाची गिरणी, जुना किराणा, देवळाचे पुजारी यांच्याकडे करा. पोस्टकार्डावरच्या किराणा दुकानदाराचा नातू आम्हाला गिरणीवाल्याने शोधून दिला.

दिवस, वेळ, गाडी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसात नको. कळव्याहून पुढे विटाव्याला रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्यावर पाणी तुंबतं. ठाण्याच्या अंतर्भागासाठी रविवारची सकाळ, साडेसहाला निघायचं. कंपनीच्या गेटवर पाळी सुटताना पोहोचायचं असेल तर कामाचा दिवस निवडा. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं धरून चालू नका. ऐरोली, वाशी, मुलुंड या मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून पथकर नाही, त्यामुळे मुंबईकडून येणाऱ्या भावंडांनी त्यासाठी वाट वाकडी करू नये.

आईवडिलांपैकी ज्यांची वाट चालू आहे त्यांना पुढे, चालकाशेजारी बसवा. खिडकी उघडी, वातानुकूलन बंद, गाणी बंद. गोळ्या, पाणी, मधुमेह असेल तर खायला काहीतरी, घडीची खुर्ची, छत्री. एवढं पुरे.

ठाण्याचा टप्पा

स्टेशनजवळ गाडी नेऊच नका. नौपाड्यात कुठेतरी लावा आणि रिक्षाने तलावपाळीला या. मासुंदा तलाव आणि कोपिनेश्वराचं देऊळ ही ठाण्यातली अशी जागा आहे जी आईवडिलांच्या डोळ्यांना लगेच ओळखू येते. त्यामुळे सुरुवात इथून केलेली बरी. काठावर बसा, घाई करू नका. समोर गडकरी रंगायतन आहे. ते १९७८ साली उभं राहिलं, म्हणजे साठच्या दशकात ठाण्यात आलेल्यांना ते नसतानाचा काठही आठवतो. तेवढं विचारलंत तरी अर्धा तास जातो. वडील वाचणारे असतील तर मराठी ग्रंथ संग्रहालयात न्या. १८९३ साली सुरू झालेली ती संस्था आजही चालू आहे. बाबांचं सभासदत्व कधीच संपलं होतं, पण त्यांनी आत जाऊन खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचलं. पंधरा मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही.

नाश्ता त्यांच्या सवयीचा असू द्या. तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ तिखट असते. पोट सोसत असेल तरच. आमच्या बाबांनी पाव आणि नुसती वरची शेव खाल्ली, पण बाकावर बसायचा हट्ट सोडला नाही.

मग चालायची वाट. सगळी चालू नका. तीन किलोमीटरमधले दोनशे-तीनशे मीटर निवडा, ज्यात एखादं वळण किंवा चढ असेल. बाकी गाडीने, पण पूर्वीच्याच क्रमाने. ज्या दिशेने ते सकाळी जायचे त्याच दिशेने जा. उलट दिशेने नेलं तर ओळख पटत नाही. हे आम्ही करून पाहिलं आहे.

ठाण्यात एक गोष्ट तुमच्या मदतीला येते. गिरण्या आणि कारखाने गेले, पण नाक्यांना त्यांची नावं राहिली. नितीन कंपनी, कॅसल मिल, कॅडबरी, सँडोज बाग. रिक्षावाले, बसचे वाहक अजून तेच म्हणतात. नाका आला की ते नाव मोठ्याने म्हणा आणि थांबा. लहान मुलांना विचारू द्या, "आजोबा, नितीन कंपनी म्हणजे काय?" मुलांच्या प्रश्नाला जेवढं सविस्तर उत्तर मिळतं तेवढं तुमच्या-आमच्या प्रश्नाला मिळत नाही.

वागळे इस्टेटमध्ये रस्त्यांना नंबर आहेत, रोड नंबर १६, रोड नंबर २२ असे. प्लॉटही नंबरांचे. त्यामुळे कंपनीच्या ओळखपत्रावर प्लॉट नंबर असेल तर शेड पडली तरी जागा अचूक सापडते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात १ ऑगस्ट १९६२ ला इथूनच झाली. बाबा १९६६ ला आले तेव्हा, त्यांच्या शब्दांत, "रस्ते कोरे करकरीत आणि झाडं गुडघ्याएवढी" होती. ती झाडं आता दुमजली आहेत. नंतरच्या एका फेरीत काचेच्या इमारतीकडे पाठ करून बाबा एका झाडाच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले, तो फोटो माझ्याकडे आहे.

कळवा नाका ते तुर्भे

ज्यांचे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यात कामाला होते त्यांच्यासाठी हा टप्पा. खाडीवर नव्या पुलावरून जाताना शेजारचा ब्रिटिशकालीन दगडी पूल दिसतो. वाहतूक त्यावरून बंद आहे. गाडी पुलावर थांबवता येत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवा: "बाबा, आता डावी-उजवीकडे बघा." ठाणे-वाशी लोकल नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तोवर या पट्ट्यातल्या हजारो कामगारांसाठी बस किंवा कंपनीची गाडी हाच रस्ता होता. बाबा २००३ ला निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी लोकल आली. हे सांगताना ते दरवेळी मान हलवतात.

पुढे विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे, पावणे, तुर्भे. इथे चालकाने एकच पथ्य पाळायचं: उड्डाणपुलांवरून जायचं नाही. वरून गेलात की खालची गेटं, टपऱ्या, थांबे सगळे निसटतात. खालच्या रस्त्याने, डाव्या बाजूने, सावकाश. सकाळी आणि संध्याकाळी ट्रक आणि कंपन्यांच्या बसगाड्यांची गर्दी असते, म्हणून अकरा ते तीनची वेळ बरी. काही कंपन्या अजून जागेवर आहेत. कळव्याची सिमेन्स, ऐरोलीची भारत बिजली यांच्या पाट्या पाहिल्या तरी जुने कामगार मित्रांची नावं घेऊ लागतात.

गेटच्या आत सोडतील ही आशा ठेवू नका आणि गेटचा फोटो काढण्याआधी सुरक्षारक्षकाला विचारा. खरी भेट समोरच्या टपरीवर होते. आम्ही चहा घेत असताना निळ्या कपड्यांतला एक मुलगा शेजारी बसला होता. बाबांनी त्याला विचारलं, "कुठल्या मशीनवर?" तो म्हणाला, "सीएनसी." म्हणजे संगणकाने चालणारी मशीन. दोघं मग वीस मिनिटं थाऊ, फीड आणि टूल या विषयांवर बोलत होते. आम्हाला त्यातलं काही कळलं नाही. जाताना त्या मुलाने बाबांच्या पाया पडून घेतलं. अशा वेळी घड्याळ पाहू नये.

वाशी

इथे पत्ता शोधणं सोपं, कारण सगळं सेक्टरने ओळखलं जातं. धोका दुसराच आहे. सिडकोने बांधलेल्या जुन्या जेएन टाईप इमारती, विशेषतः सेक्टर ९ आणि १० मधल्या, एकामागून एक पुनर्विकासात जात आहेत. म्हणून वाशीचं घर यादीत असेल तर ठाण्याच्याही आधी करा. ठाण्यातलं जे जायचं ते बरंचसं आधीच गेलं आहे.

घर कुणाच्या तरी ताब्यात असतं हे लक्षात ठेवा. आधी चिठ्ठी किंवा फोन, सोबत थोडी मिठाई, आणि आत जास्तीत जास्त दोघांनी जायचं. आमच्या जुन्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. आईने स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभं राहून त्या मुलीला सांगितलं की दुपारी दोनला इथे ऊन येतं, पापड तिथेच वाळवायचे. ती म्हणाली, "हो काकू, मी पण तिथेच वाळवते." निघताना तिने आईला हळदीकुंकू लावलं.

संध्याकाळ सेक्टर ८ मधल्या सागर विहारला घालवा. सपाट आहे, बसायला जागा आहे, समोर खाडी आहे. खाडीवरचा पहिला रस्तापूल १९७३ चा, रेल्वे १९९२ मध्ये वाशीला आली. या दोन तारखांच्या मधल्या काळात इथे राहायला आलेल्यांना विचारा की तेव्हा संध्याकाळी सातनंतर बाहेर काय असायचं. आईचं उत्तर होतं, "बेडूक."

जागाच उरली नसेल तर

नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. विमानतळासाठी उलवे परिसरातली दहा गावं उठली, टेकडी कापली गेली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. माझ्या एका मैत्रिणीचे वडील त्यातल्याच एका गावचे. त्यांना कुंपणाजवळ नेण्यात अर्थ नव्हता. आम्ही त्यांना वडघरला, जिथे त्यांच्या गावची काही घरं नव्याने वसली, तिथे नेलं. भावकीतली माणसं ओट्यावर बसली, कुणाचं शेत कुणाच्या बांधाला लागून होतं ते बोटांनी जमिनीवर काढू लागली. निघायच्या आधी घरी मोठ्या पडद्यावर गूगल अर्थमधली जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं दाखवा. त्यात बांध, खाजण, विहीर, देऊळ ओळखता येतं. आधी हे, मग माणसं. कुंपण नकोच, त्यांनी स्वतः म्हटलं तर गोष्ट वेगळी.

मध्येच गप्प झाले तर

होतात. डोळेही भरून येतात. त्या क्षणी पाणी पुढे करू नका, "जाऊ दे बाबा" म्हणू नका, फोटो तर मुळीच काढू नका. गाडीत असाल तर गाडी चालू द्या. दिवसाला तीन थांब्यांपेक्षा जास्त ठेवू नका, दुपारी तासभर पाठ टेकायला मिळेल असं पाहा. ठाणे ते वाशी अंतर जेमतेम वीस किलोमीटर असलं तरी यासाठी पूर्ण दिवस लागतो. आणि त्यांनी एखाद्या गल्लीत "इथं नको" म्हटलं तर कारण न विचारता वळा. बाबांनी एका ठिकाणी तसं म्हटलं. मी अजून विचारलेलं नाही.

त्याच रात्री

जेवण झाल्यावर वही घ्या आणि तारीख, वाट, नावं लिहून काढा. रेकॉर्डिंगला नावं द्या, 'चरई ते वागळे, बाबा', 'नळ आणि रांग, आई' अशी, नाहीतर वर्षभराने काहीच सापडत नाही. फोटो भावंडांना पाठवताना खाली दोन ओळी लिहा.

झोपताना पाण्याचा तांब्या ठेवायला त्यांच्या खोलीत जा आणि दोन मिनिटं थांबा. दिवसभर न आठवलेली नावं तेव्हा येतात. आमच्याकडे साडेदहाला बाबांनी दिवा पुन्हा लावला आणि वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या पहिल्या जोडीदाराचं नाव आणि गाव सांगितलं, वाई तालुक्यातलं. पहिल्या पगारात दोघांनी मिळून एकच छत्री घेतली होती म्हणे. भावाने सकाळी तिकडच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला, त्याने दुसरा नंबर दिला. दुपारी तीन वाजता पलीकडून आवाज आला आणि बाबांनी आधी एवढंच विचारलं, "छत्री कुणाकडं राहिली रे?"